सहाव्या आठवड्यात डाग, सोनोग्राफीत नुसती सॅक : सासूबाई म्हणतात पिशवी साफ करा

पळसफूल

नमस्कार जी. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा आहे. माझ्या यादीतल्या एका वहिनीबद्दल विचारायचं आहे, नाव-गाव सांगत नाही.

वय २३. गेल्या वर्षी दोन महिन्यांचं पोट पडलं, घरी अजून लेकरू नाही. यावेळची शेवटची पाळी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आली. दसऱ्याला निश्चय किटवर दोन रेषा आल्या. तीन दिवसांपासून तपकिरी डाग जात होते, आज कोजागिरीच्या सकाळी लालसर झाले. परकरावर रुपयाएवढे, दिवसात चार-पाच. पोटात दुखत नाही, कंबर जराशी धरते. काल तालुक्याला पोटावरून सोनोग्राफी केली. रिपोर्टवर लिहिलंय की पिशवीत ९ मिमीची सॅक (गर्भाभोवतीची पाण्याची थैली) आहे, बाळ दिसत नाही, ८ दिवसांनी परत करा. आठवड्याला एक टिकवायचं इंजेक्शन आणि पूर्ण बेडरेस्ट सांगितली.

नोंदणीच्या वेळचे रिपोर्ट : रक्तगट बी निगेटिव्ह, एचबी ८.६, सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह.

घरी म्हणतात बाळच नाही तर पिशवी साफ करून टाका, उगाच विष होईल. सासूबाईंच्या मते सोयाबीन सोंगायला गेली आणि पपई खाल्ली म्हणून झालं. मी काय सांगू? आणि कशावरून समजायचं की आता थांबायचं नाही, गाडी बोलवायची?

निर्गुडी (स्त्रीरोगतज्ज्ञ)

ताई, आधी हे घरी सांगा : कालच्या रिपोर्टवर क्युरेटिंग (पिशवी साफ) करायचं कारण नाही. बाळ "नाही" असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही, "दिसत नाही" असं आहे.

हिशेब करून बघू. तान्हा पोळा ते काल, म्हणजे ४३ दिवस. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, चुकलेल्या तारखेपासून नाही. झाले ६ आठवडे १ दिवस. आता तिला विचारा की तिची पाळी २८ दिवसांनी येते की उशिरा. ३५ दिवसांनी येत असेल तर बीज १४ व्याऐवजी २१ व्या दिवसाच्या आसपास फुटतं. मग सात दिवस वजा करायचे, राहिले ३६. दुसरीकडून बघा : या काळात सॅकच्या सरासरी मापात ३० मिळवले की गर्भाचे दिवस येतात. ९ अधिक ३० म्हणजे ३९, साडेपाच आठवडे. दोन-तीन दिवसांचा फरक मापातच धरतात. म्हणजे पाळी लांबणारी असेल तर सॅक वयाप्रमाणेच आहे, आणि साडेपाच आठवड्यांना पोटावरून बाळ दिसायचंच नाही. पाळी पक्की २८ दिवसांची असेल तर मात्र सॅक थोडी मागं आहे. तरी निकाल लागला असं नाही, नजर ठेवायची.

गर्भ थांबला असं म्हणायला ठरलेले आकडे आहेत, ते आतून (योनीमार्गे) केलेल्या सोनोग्राफीचे : बाळाची लांबी ७ मिमी किंवा जास्त आणि तरी ठोका नाही, किंवा सॅक २५ मिमी किंवा जास्त आणि तरी आत बाळ नाही. यापेक्षा लहान माप असेल तर थांबून परत बघायचं. सॅकमध्ये योक सॅकही (बाळाचं सुरुवातीचं पोषण करणारी बारीक थैली) दिसली नसेल, तर त्या दिवसापासून १४ दिवसांनी ठोक्यासह बाळ दिसलं पाहिजे. योक सॅक दिसली असेल तर ११ दिवस. ८ दिवसांनी करायला हरकत नाही, पण त्या दिवशी ठोका नाही दिसला म्हणून लगेच क्युरेटिंगचा कागद सही करू नका.

विष होईल ही भीती या टप्प्यावर खरी नाही. ताप, घाण वास, सतत दुखणं असेल तर गोष्ट वेगळी.

आता डागांबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत चारातल्या एकीला तरी थोडंफार रक्त जातं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं गरोदरपण पुढं चालतं. रंग बघून काही ठरत नाही. तपकिरी म्हणजे जुनं रक्त, लाल म्हणजे ताजं, एवढंच. मोठा प्रश्न रक्त किती जातं हा नाही, गर्भ कुठं आहे हा आहे. पिशवीच्या तोंडाला सूज, लहानसा मस्सा, जंतुसंसर्ग, संबंधानंतरचा डाग, सॅकच्या बाजूला साचलेलं रक्त, यातलं काहीही असू शकतं. नळीतला गर्भ मात्र जीव घेतो. तो सहा ते आठ आठवड्यांत फुटतो आणि बाहेर अगदी थोडं काळपट रक्त दिसत असताना आत पोटात लिटरभर साचलेलं असू शकतं. तिच्या सॅकमध्ये योक सॅक दिसत नाही तोवर "गर्भ पिशवीतच आहे" यावर शिक्का मारत नाहीत, कारण नळीतल्या गर्भातही पिशवीत कधी कधी सॅकसारखं पाणी दिसतं. गोल, कडेला पांढरी किनार आणि एका बाजूला रुतलेली सॅक असेल तर शक्यता पिशवीतल्याचीच जास्त.

एक जोडून सांगतो, कारण गावात हे सुटतं. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि किट पॉझिटिव्ह आलं, तर तो नळीतला असण्याची शक्यता इतर बायांपेक्षा पुष्कळ जास्त. तांबी बसवलेली असताना दिवस गेले, तरी तसंच. अशा बाईला डाग असो-नसो, त्याच आठवड्यात सोनोग्राफी.

पपई आणि सोंगणी : पिकल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच चूक असते, ती बीज जुळतानाच होते. सासूबाईंना हे नक्की सांगा, नाहीतर पोर आयुष्यभर स्वतःला दोष देत राहील.

मोहफूल (नर्स, ग्रामीण रुग्णालय)

पळसफूल ताई, "थोडं जातंय", "लय जातंय" यावरून रेफर चिठ्ठी वाचणाऱ्याला काही कळत नाही. तिला आजपासून एकाच मापाचा पॅड द्या. पॅड नसेल तर धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती साडीचा वीतभर रुंद पट्टा, चार घड्या. बदलला की वेळ लिहायची आणि शेजारी तीनपैकी एक शब्द : डाग, अर्धा, पूर्ण. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. चोवीस तासांचा असा कागद हातात असला की डॉक्टरचे निम्मे प्रश्न संपतात.

गाडी कधी : सहसा तासाला दोन पूर्ण भिजलेले पॅड, असं सलग दोन तास. पण हिचं एचबी ८.६ आहे. हिच्यासाठी तासाला एक पूर्ण पॅड झाला की निघायचं, दुसऱ्या तासाची वाट बघायची नाही. आणि पुढच्या गोष्टींत रक्त मोजूच नका : खाली एका बाजूला टोचल्यासारखं दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी, संडासला जोर येतोय पण होत नाही, नाडी मिनिटाला १०० च्या वर. खांद्याचं दुखणं ऐकून लोक झेंडू बाम चोळतात. पोटात साचलेलं रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की ते दुखणं खांद्यात येतं. अशावेळी १०८. साध्या तपासणीच्या खेपेला १०२, ती गरोदर बाईला फुकट आहे, परत घरीही सोडते.

निघताना पाणी-जेवण दिलं का ते लिहा, ऑपरेशन लागलं तर भूल देणारे विचारतातच. आणि फोन करून खात्री करा की जिथं नेताय तिथं आज स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत आणि बी निगेटिव्ह रक्ताची सोय आहे. निगेटिव्ह रक्त ऐनवेळी मिळत नाही. नळीतल्याचा संशय असेल तर मधे थांबू नका, सरळ यवतमाळचं मेडिकल कॉलेज किंवा तुम्हाला जवळ असेल तर सेवाग्रामचं.

काही तुकडा पडला तर फेकू नका. स्वच्छ डबीत, सलाईन असेल तर थोडं सलाईन, नसेल तर तसाच. डेटॉल, स्पिरिट घालू नका. तज्ज्ञ तो पाण्यात सोडून बघतात : गर्भाचा भाग असेल तर बोंडातून नुकताच फुटलेला कापूस ओला करावा तसे पांढुरके बारीक तंतू पाण्यात फुलून पसरतात. नुसती रक्ताची गाठ असेल तर बोटानं फुटते, तंतू उरत नाहीत. तिसरा प्रकार फसवा. सपाट, गुळगुळीत, पिशवीच्या आकाराचा तिकोनी पापुद्रा. तो पिशवीचं आतलं अस्तर असतं, नळीतल्या गर्भातही पडतो. घरचे म्हणतात "पडलं सगळं, मोकळी झाली", आणि चार दिवसांनी नळी फुटते. म्हणून पडल्यावरही तपासणी होईपर्यंत केस बंद करायची नाही. द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे फुगे पडले आणि उलट्याही फार असतील तर द्राक्षगर्भ, तोही मोठ्या दवाखान्याचाच विषय.

आणखी एक, एकटीला बाजूला घेऊन आणि आवाज खाली ठेवून विचारा : मेडिकलमधून पाळी यायच्या गोळ्या घेतल्या होत्या का. या बाईनं घेतल्या असतील असं नाही, पण डागाच्या प्रत्येक केसला हा प्रश्न आहे. सोनोग्राफी न करता त्या गोळ्या घेतल्या की पिशवीतलं पडतं किंवा अर्धवट पडतं, नळीतलं तसंच राहतं. रागावलात तर ती खरं सांगणार नाही.

दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घ्यायचं नाही.

तुरीचं शेत (फार्मासिस्ट)

बी निगेटिव्ह आहे तर अँटी-डी (आईच्या अंगात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटीबॉडी होऊ नयेत म्हणूनचं इंजेक्शन) उद्याच घ्या, ७२ तासांच्या आत लागतं. टिकवायचं इंजेक्शन चालू ठेवा, नुकसान काही नाही.

निर्गुडी

दोन्हींत थोडं थांबावं लागेल.

अँटी-डीचे ७२ तास खरे आहेत, पण कशानंतर ते बघायचं. नळीतला गर्भ निघाला, पिशवी साफ केली किंवा जोराचं रक्त गेलं, तर आपल्याकडे बहुतेक डॉक्टर देतात. १२ आठवड्यांच्या आत नुसत्या डागांसाठी द्यावं का यावर तज्ज्ञांची मतं एक नाहीत. १२ आठवड्यांच्या आत ५० मायक्रोग्रॅम पुरतं, पण दुकानात बहुधा ३०० ची कुपी मिळते, तीच देतात. आधी दोन गोष्टी : नवऱ्याचा रक्तगट, तोही निगेटिव्ह असेल तर विषयच संपला. आणि तिची इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी (तशा अँटीबॉडी रक्तात आधीच झाल्यात का, ते बघायची). गेल्या वर्षी पोट पडलं तेव्हा अँटी-डी दिलं होतं का, हा कागद शोधा. दिलं नसेल तर ही तपासणी टाळू नका. कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, पिशवीत घालून मोटारसायकलवर ४० किलोमीटर नेलेली कुपी देऊ नका.

टिकवायच्या औषधांत सगळी सारखी नाहीत. ब्रिटनमधल्या २०१९ च्या प्रिझम अभ्यासात दिसलं की आधी एक किंवा जास्त गर्भ पडलेले असतील आणि आता रक्त जात असेल, तर योनीमार्गे घ्यायचं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन ४०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा दिल्यानं थोडा फायदा होतो. आधी कधीच गर्भ न पडलेल्या बायांत फरक दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये तेच सांगितलं : सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे हे पक्कं झाल्यावर, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. तुमच्या वहिनीला मागचा गर्भपात आहे, म्हणजे ती या गटात बसते. आठवड्याला एक असलेलं इंजेक्शन म्हणजे ते औषध नव्हे. डॉक्टरांना रिपोर्टसकट विचारा, दुकानातून परस्पर आणू नका. आणि गर्भ नळीत असेल तर ही औषधं चालू ठेवून घरी बसणं हाच खरा धोका, "नुकसान काही नाही" असं म्हणता येत नाही.

बेडरेस्टनं गर्भ टिकतो याला पुरावा नाही. घरातलं हलकं काम, चालणं चालेल. रक्त थांबेपर्यंत शेत आणि संबंध नको. शेत नको म्हणतो ते वाकल्यानं गर्भ पडतो म्हणून नाही. धुऱ्यावर चक्कर येऊन पडली तर गाडी तिथवर जायची कशी, म्हणून.

सिकलकडे दुर्लक्ष झालंय. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह म्हणजे वाहक की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, नवऱ्याचीही. रुग्ण निघाली तर फोलिक ॲसिड रोज ५ मिलीग्रॅम लागतं, आणि हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. सिकलच्या दुखण्यात पोट-कंबरही धरते, त्यामुळे "सिकलचंच असेल" म्हणून नळीतला गर्भ सुटून जातो. लोह सिकल रुग्णाला शरीरातला साठा तपासल्याशिवाय सुरू करत नाहीत. वाहक असेल तर ८.६ ला उपचार लागणारच.

काळी माती (सोनोलॉजिस्ट)

सोनोग्राफीनं गर्भाला इजा होते, डाग वाढतात, हे घरचे बोलतील. आतून केली तरी नाही. काडी योनीत असते, पिशवीत जात नाही.

सहा-सात आठवड्यांचा प्रश्न असेल तर आतूनच करायला सांगा. पोटावरून करायची तर मूत्राशय भरलेलं लागतं, आतून करायची तर रिकामं. मूत्राशय अर्धवट असताना पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत सॅक आहे की नाही यावरच गोंधळ होतो. आतून साधारण ५ आठवड्यांना सॅक, साडेपाचला योक सॅक, ६ ला ठोका. पोटावरून हे सगळं आठवडाभर उशिरा दिसतं असं धरा. ही तुमची वहिनी परवा येवो की आठवड्यानं, आधी हेच बघायचं.

रिपोर्ट हातात आला की त्यात हे आहे का बघा : कोणत्या मार्गानं केली, सॅकचं सरासरी माप (एकाच बाजूचं नाही, तीन दिशांचं), योक सॅक आहे-नाही, बाळाची लांबी, ठोका, दोन्ही बाजूंच्या नळ्या-अंडाशयांबद्दल एक ओळ, आणि पिशवीमागं पाणी आहे का. शेवटच्या दोन नसतील तर तसाच परत जा आणि लिहून मागा. नळीतल्याच्या दृष्टीनं त्याच दोन ओळी कामाच्या. "सबकोरिओनिक हेमाटोमा" लिहिलं असेल तर घाबरू नका, सॅकच्या कडेला साचलेलं रक्त. लहान असेल तर बहुधा विरून जातं, त्याचेच डाग कधी कधी आठवडा-दोन आठवडे तपकिरी जात राहतात.

गरोदर बाईची सोनोग्राफी असल्यानं केंद्रात एफ फॉर्म (गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याचा) भरला जातो. आधारची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत पाठवा, चिठ्ठीत "रक्तस्राव" असा शब्द असू द्या. त्याशिवाय हेलपाटा होतो.

पळसफूल

सगळ्यांचे आभार जी. पाळी ३५ दिवसांनी येते, विचारलं. गोळ्या घेतल्या नव्हत्या. डाग परत तपकिरी झालेत, दिवसात दोन. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बीटा एचसीजी (रक्तातल्या गरोदरपणाच्या हार्मोनची तपासणी) केलं ते ४८००, बरोबर ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये ७१००. लॅबवाला म्हणाला दुप्पट व्हायला पाहिजे होतं, झालं नाही, म्हणजे गेलं. घरी रडारड सुरू आहे.

निर्गुडी

४८०० चे ७१०० म्हणजे ४८ तासांत ४८ टक्के वाढ. दुप्पट हा जुना आडाखा आहे, सगळ्या आकड्यांना लागू होत नाही. पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर चांगल्या गर्भात कमीत कमी ४९ टक्के वाढ धरतात, १५०० ते ३००० असेल तर ४०, आणि ३००० च्या वर असेल तर ३३. हिचा पहिला आकडा ४८००, वाढ ४८. म्हणजे मर्यादेच्या वर. यावरून बाळ चांगलंच आहे असं लिहून देता येत नाही, पण गेलं असं तर मुळीच नाही. आकडा कमी होत गेला असता किंवा जेमतेम पाच-दहा टक्के वाढून थांबला असता, तर मी काळजी केली असती.

सॅक एकदा दिसली की रोज रक्त तपासत बसण्यात अर्थ नाही, पैसे वाचवा. आता आतून सोनोग्राफी, ठरलेल्या आठव्या दिवशीच. ठोका दिसला तर पुढं जाण्याची शक्यता खूप वाढते, डाग असले तरी. नाही दिसला तर पहिल्या तपासणीपासून १४ वा दिवस पकडून तिसरी. तोपर्यंत रोजची ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड चालू, सिकलचा रिपोर्ट आला की डोस बघू.

आणि समजा गर्भ थांबलेलाच निघाला, तरी लगेच टेबलावर घ्यायची गरज नसते. काही दिवस आपोआप पडण्याची वाट बघता येते, दवाखान्यातून गोळ्या घेता येतात, किंवा हातपंपानं (हातानं ओढायची मोठी सिरिंज) पिशवी रिकामी करता येते. जुन्या चमच्याच्या क्युरेटिंगपेक्षा हातपंप बरा, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते. एचबी ८.६ आणि गाव लांब असेल तर मी घरी वाट बघायला सांगणार नाही, दवाखान्यात ठेवून करीन.

मोहफूल

ताई, पॅडचा कागद चालू ठेवा, डाग कमी झाले तरी. सोनोग्राफीच्या दिवशी तो, जुन्या गर्भपाताचे कागद, नवऱ्याचा रक्तगट आणि माता-बाल संरक्षण कार्ड एकाच पिशवीत. नवऱ्यालाही सोबत घ्या, त्याची सिकल तपासणी त्याच खेपेत होईल, पुन्हा मजुरी बुडणार नाही.